आधी स्वतः बसायचं

४ मार्च, सोमवार

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तू ओळखशील आणि कदाचित न वाचता फाडून टाकशील. फाडायच्या आधी एवढं वाच: मी बरा आहे, तुझी वहिनी बरी आहे, कोणी गेलेलं नाही. नऊ वर्षांनी पत्र आलं की माणसाला आधी तीच शंका येते.

पत्ता चर्चच्या पाळकांकडून घेतला. म्हणाले, "तिकडे पाण्याचे पंप दुरुस्त करतो, बरं चाललंय त्याचं." मी म्हटलं, देवाची कृपा. तुझ्या बाबतीत हे शब्द उच्चारायचा मला काय अधिकार, पण तोंडाला सवय झाली आहे. चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळात मला आता सहा वर्षं झाली. रविवारचं वाचन माझ्याकडे, प्रार्थनाही माझ्याकडे. माझी प्रार्थना सुरू झाली की मागच्या बाकांवरची माणसं नीट टेकून बसतात, असं तुझी वहिनी म्हणते.

लिहायचं कारण जरा विचित्र आहे. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील, आणि तुझ्या लेखी माझी पत आणखी घसरायला जागाच उरलेली नाही, म्हणून तुला सांगतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चाव्या बनवणारा बसतो. महिन्याभरापूर्वी त्याने मला थांबवलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, "काका, काल तुम्ही होतात म्हणून निभावलं. नाहीतर मी पार कोलमडलो होतो." त्याची आई गेल्याची बातमी त्याला दुकानातच कळली होती. मी म्हणे दोन तास त्याच्या शेजारी फुटपाथवर बसून होतो, एक शब्द न बोलता. मग त्याची हत्यारं आवरली, फळी लावली, त्याला घरापर्यंत पोचवलं.

त्या वेळी मी घरी कोचावर घोरत पडलो होतो. वहिनी साक्षीला आहे.

मी काय म्हणालो माहीत आहे? "अरे, त्यात काय एवढं." खोटं बोललो नाही, फक्त खरं सांगितलं नाही. या कलेत मी किती मुरलेला आहे ते तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई. त्यांच्या आंधळ्या वडिलांना मी रोज सकाळी पेपर वाचून दाखवतो म्हणे. मग खुद्द पाळक. भर उपासनेत म्हणाले, "दर शनिवारी कोणी न सांगता चर्चचे संडास घासणारा एक माणूस आपल्यात आहे, आणि तो वडीलमंडळात आहे." सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.

दिसायला माझ्यासारखा कोणीतरी असेल. जगात एकासारखी सात माणसं असतात म्हणतात. पण टोपीसुद्धा तीच, उजव्या कानाशी उसवलेली?

तुझा,
दादा

१३ मार्च, बुधवार

धाकट्या,

मागचं पत्र अजून हत्यारांच्या पेटीतच आहे. रोज पोस्टाच्या पेटीवरून जातो आणि उद्यावर ढकलतो.

काल वहिनी म्हणाली, "बरं झालं बाई, या वयात का होईना, सुधारलात." कशाबद्दल ते मला कळेना. तिने दाराकडे बोट दाखवलं. तुला आठवत असेल, माझे बूट लहानपणापासून एक पूर्वेला, एक पश्चिमेला. आईने त्यावरून कितीदा पाठ सोलून काढली असेल. दाराशी माझे बूट जोडीने, टाचा भिंतीला लावून, सरळ ठेवलेले होते. मी ते ठेवलेले नव्हते. आणि ते आतून ऊबदार होते, धाकट्या. मी तासाभरापासून घरात होतो.

आता जे सांगतो ते तुला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

बाबा आपल्याला लिफ्टच्या कामाच्या पहिल्या दिवशी काय म्हणाले होते? लिफ्ट तपासून झाली की खालपासून वरपर्यंत स्वतः एक फेरी मारायची, प्रत्येक मजल्याचं दार ओढून बघायचं, आणि मगच वरच्या मशीनच्या खोलीतल्या कार्डावर सही करायची. "दुसऱ्याला बसवायच्या आधी आपण बसायचं. देवावर विश्वास असेल तरी बसायचं, नसेल तरी बसायचं." त्यांचा सगळा धर्म त्या एका फेरीत होता. प्रार्थना मात्र त्यांची दोन ओळींची असायची.

मी नऊ वर्षं लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नाही. माझ्याकडे चौदा लिफ्टा आहेत. मी जिन्याने वर जातो, मशीनला तेल घालतो, तारा बघतो, कार्डावर सही करतो आणि जिन्यानेच खाली येतो. लोकांना वाटतं, व्यायाम करतोय.

दातांच्या दवाखान्याची ती सहा मजली इमारत तुला माहीत आहे. जाळीची जुनी लिफ्ट आणि तिच्याभोवती वळत जाणारा जिना. सोमवारी सकाळी अकराला मी तिसऱ्या मजल्यावर दम खात उभा होतो. लिफ्ट खालून वर आली. आत एक माणूस पाठमोरा उभा होता. हातात पेटी, डोक्यावर टोपी, उजव्या कानाशी उसवलेली. प्रत्येक मजल्यावर थांबून तो दार ओढून बघत होता, दोनदा, बाबा ओढायचे तसं. माझ्यासमोरचं दार त्याने ओढलं तेव्हा आमच्यामध्ये फक्त जाळी होती. त्याने मान वर केली नाही. मी केली असती का, मला सांगता येत नाही.

मी उरलेले तीन मजले धावत चढलो. लिफ्ट वर उभी होती, रिकामी. मशीनच्या खोलीला बाहेरून माझंच कुलूप. आत कार्डावर माझ्या मागच्या महिन्याच्या सहीखाली आणखी एक सही होती. माझंच अक्षर. बोट लावलं तर शाई बोटाला लागली.

नंतर मी चौदाही कार्डं जाऊन पाहिली. सगळ्यांवर माझ्या सहीखाली त्याची सही आहे. म्हणजे माझ्या लिफ्टांमध्ये माणसं सुखरूप वर-खाली जातात, ती कोणाच्या भरवशावर, ते मला आता कळलं.

तू विचारशील, मी बसत का नाही. तुला खरंच विचारावं लागेल का? त्या दिवशी कपड्यांच्या कारखान्याची लिफ्ट तुझ्या यादीत होती. तुझी मुलगी तापाने फणफणली होती. तू म्हणालास, "दादा, एवढी एक बघशील?" मी म्हटलं, जा तू, मी आहे ना. ऑफिसला कळू नये म्हणून कार्डावर तुझं नाव मीच घातलं. तेव्हा तो मला उपकार वाटला होता. पण फेरी मारली नाही. जेवायची वेळ झाली होती. कारण विचारशील तर तेवढंच आहे, मला भूक लागली होती.

चौथ्या मजल्याचं दार लिफ्ट नसतानाही उघडत होतं. एकदा ओढून बघितलं असतं तरी कळलं असतं.

दादा

२१ मार्च, गुरुवार

धाकट्या,

आज मी त्या शिवणबाईंकडे जाऊन आलो. चौथ्या मजल्याच्या त्या दारातून ज्या खाली गेल्या, त्या. डावा पाय घोट्यापासून गेला. आता त्या कारखान्यासमोरच तळमजल्यावर एका खोलीत राहतात आणि खिडकीशी बसून लोकांचे कपडे दुरुस्त करतात. नऊ वर्षं मी तो रस्ता टाळतो. आज एक गाडी आडवी आली म्हणून त्यांच्या खिडकीखालून जावं लागलं.

"आत या की," त्या म्हणाल्या. "आज दाराशीच का घुटमळताय?"

गेलो. काय करणार होतो. खोलीत मशीन, कपड्यांचे ढीग, आणि मशीनशेजारी एक लाकडी खुर्ची. तिच्यावरची उशी एका माणसाच्या बसण्याने दबलेली. मी बसलो तर मला ती बरोबर बसली.

त्यांनी माझी बाही हातात घेतली आणि थांबल्या. "हे बटण मी मागच्या गुरुवारी लावून दिलं होतं. कुठे पाडलंत?"

माझ्या बाहीचं बटण गेलं त्याला दोन महिने झाले. मी विचारलं, "बाई, मी पहिल्यांदा आलो तेव्हा काय म्हणालो होतो?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आता माझ्याकडूनच वदवून घ्यायचंय का? दारातच म्हणालात, ती सही मी केली होती, लिफ्टमध्ये न बसता, आणि नाव भावाचं घातलं. मी हाकलून दिलं तुम्हाला. पुढच्या गुरुवारी परत हजर. परत हाकललं. तिसऱ्या खेपेला म्हटलं, आलाच आहात तर सुईत दोरा ओवून द्या, मला हल्ली दिसत नाही."

त्यांनी सुई पुढे केली. मी दोरा ओवायला घेतला. दहा-बारा वेळा चुकलो.

"तुम्हाला तर एका झटक्यात जमायचं," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्या हाताला हात लावून पाहिला आणि मागे घेतला. "बर्फ झालाय हात. रविवारी भावाकडे जायचंय त्याची धास्ती घेतलीत का?"

मी काय बोललो आठवत नाही. हे शब्द मी नऊ वर्षांपूर्वीही वापरले होते, चौकशीच्या खोलीत, तुझ्यासमोर. साहेबांनी विचारलं, "त्या दिवशी भावाच्या जागी तुम्ही गेला होतात का?" तू माझ्याकडे पाहत होतास. मी म्हटलं, "मला आठवत नाही." मला सगळं आठवत होतं. जेवणाच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, तेसुद्धा. तुझं लायसन्स गेलं, तू घर सोडलंस, आणि पुढच्याच रविवारी मी चर्चमध्ये उभा राहून तुझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली. त्याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

धाकट्या, तो रविवारी तुझ्याकडे येतोय. दार उघडू नकोस.

फुटपाथवरचे दोन तास घेऊ दे त्याला, पेपर घेऊ दे, संडास घेऊ दे, माझे बूटही घेऊ दे. पण तुझ्याकडे येणं हे काम माझं आहे. तेही त्याने केलं तर मी कशासाठी उरणार? भर दुपारी मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय आणि बाहेरच्या खोलीत वहिनी कोणाशी तरी बोलून हसतेय. तिला हाक मारायची मला हिंमत होत नाही. मी घरात आहे हे तिला माहीत आहे. प्रश्न एवढाच की कोणत्या खोलीत.

हे पत्र टाकायला पोस्टापर्यंत गेलो होतो. पेटीच्या तोंडाशी हात नेला आणि परत आलो. आता तिन्ही पत्रं हत्यारांच्या पेटीत पान्यांखाली आहेत.

दादा

२७ मार्च, बुधवार

दादा,

रविवारी तू येऊन गेलास, तेव्हापासून लिहीन म्हणत होतो.

तू दारात उभा राहिलास तेव्हा मी दार लोटून घेणार होतो. पण तू बसायच्याही आधी सगळं बोलून टाकलंस. सही, नाव, न मारलेली फेरी, चौकशीतलं ते "आठवत नाही." काही सारवासारव केली नाहीस. हिने पाणी दिलं, मुलगी बाजूला येऊन बसली. ती म्हणाली, काका असा असतो का, मला वाटलं राक्षस असेल.

मी मनातून काढून टाकलं आहे. नऊ वर्षं ते ओझं वाहून माझीही पाठ मोडली होती.

एकच मागणं आहे. घरी पोचलास की चार ओळी लिही. फार नको. रविवारी जे बोललो ते मीच बोललो, एवढंच तुझ्या अक्षरात हवं आहे. तुझ्या अक्षराने एकदा माझं घर बुडवलं, म्हणून.

धाकटा

३० मार्च, शनिवार

धाकट्या,

तुझं पत्र वहिनीनेच आधी फोडलं. मी घरी आलो तर ती रडत होती आणि हसतही होती. बॅग काढून ठेवली होती, तुझ्या मुलीसाठी अर्धा विणलेला स्वेटर त्यात घातला होता. "मला न सांगता जाऊन आलात," म्हणाली. रविवारी मी दिवसभर चर्चच्या सभेत होतो, असं मला म्हणता आलं नाही.

तुला हव्या असलेल्या चार ओळी मी त्याच संध्याकाळी लिहिल्या. "रविवारी जे बोललो ते मीच बोललो." अक्षर झकास आलं. पाकिटात घातलं, पत्ता घातला. बोलला तो माझ्याच चेहऱ्याने, माझ्याच तोंडाने. त्यातला शब्द न् शब्द खरा. मग यात खोटं काय, असं मी स्वतःला विचारत राहिलो, आणि उत्तर माहीत असताना विचारत राहिलो. न बसता केलेली आणखी एक सही, दुसरं काय. पाकीट पोस्टात टाकलं नाही.

रविवारपासून मला कोणी धन्यवाद दिलेले नाहीत. चाव्यावाल्याने नुसती मान हलवली. शिक्षिकाबाई म्हणाल्या, बाबा रोज सकाळी दाराकडे कान लावून बसतात, तुम्ही का येत नाही? दाराशी माझे बूट पुन्हा पूर्व-पश्चिम. आणि काल दातांच्या दवाखान्यात वर गेलो तर कार्डावर माझी सही होती आणि तिच्याखाली कोरी जागा होती.

ती कोरी जागा बघून मला जी भीती वाटली तशी त्याला बघूनही वाटली नव्हती. खाली माणसं गाल धरून लिफ्टची वाट बघत होती, आणि ती तपासलेली नव्हती.

मी त्यांना जिन्याने जायला सांगितलं. आत गेलो. जाळी ओढली. कठडा धरला. तुला वाटेल मी प्रार्थना केली. बाबांच्या दोन ओळीसुद्धा आठवल्या नाहीत. मागे आरसा आहे, तिकडे पाहायचं मी टाळत होतो. पहिला मजला, बाहेर पडलो, लिफ्ट वर पाठवून दार ओढलं, बंद. दुसरा, बंद. तिसऱ्यावर पुन्हा बाहेर पडलो, लिफ्ट वर पाठवली आणि मग दार ओढलं. ते उघडलं.

समोर काही नव्हतं. काळोख आणि तेलाचा वास. मागून एका बाईने विचारलं, "लिफ्ट आली का?" मी दारात हात आडवे लावून उभा राहिलो आणि म्हटलं, "नाही बाई, बंद आहे." वीज तोडली, पाटी लावली, कुलपाचा झिजलेला तुकडा बदलला. चार वाजेपर्यंत तेच काम चाललं होतं. मग खालपासून वरपर्यंत पुन्हा फेरी मारली, प्रत्येक दार दोनदा ओढलं. आता आरशात पाहिलं. एकच माणूस होता, तेलाने माखलेला, आणि त्याच्या बाहीला बटण नव्हतं.

कार्डावर सही केली. नऊ वर्षांतली ही माझी पहिली सही. मग उरलेल्या तेरा लिफ्टांना बंदची पाटी लावत फिरलो. आता एकेक करून स्वतः बसेन. घरमालकांच्या शिव्या दोन्ही कान भरून खाल्ल्या आहेत.

आज सकाळी तपासणी कार्यालयाला एक कागद टाकला. त्या दिवशी लिफ्ट तपासायला मी गेलो होतो, फेरी मारली नव्हती, भावाचं नाव मी घातलं होतं आणि चौकशीत मी खोटं बोललो. तुझं लायसन्स परत मिळेल की नाही ठाऊक नाही. माझं जाईल. पाळकांनाही सांगितलं आणि वडीलमंडळातून नाव काढायला लावलं. संडासाबद्दल सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ब्रश मागच्या कपाटात असतो."

शिवणबाईंकडेही गेलो. म्हटलं, बाई, दोरा ओवता आला नाही तो एक गुरुवार सोडला, तर बाकी सगळे गुरुवार आला तो मी नव्हतो. स्वतःहून मी आज पहिल्यांदा येतोय. त्या घाबरतील असं मला वाटलं होतं. त्या माझ्या हातांकडे पाहत राहिल्या. "म्हणजे तुम्हाला अजून हाकलायचं राहिलंय," म्हणाल्या, आणि हाकलून दिलं. चांगलं खणखणीत. पुढच्या गुरुवारी परत जाईन.

तर धाकट्या, ज्याला तू माफ केलंस तो मी नव्हतो. कोण होता मला माहीत नाही. माझ्यापेक्षा बरा होता, एवढं नक्की. तुझी माफी परत घ्यायची असेल तर घे, ती चुकीच्या माणसाला गेली आहे. आधीची तिन्ही पत्रं सोबत जोडली आहेत, वाच आणि काय ते ठरव. तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही. वहिनी बोलत नाही माझ्याशी, पण बॅग तिने अजून उचलून ठेवलेली नाही.

तुझा,
दादा

३ एप्रिल, बुधवार

दादा,

तुझी चारही पत्रं मिळाली. मुलीला झोपवून हिने आणि मी ती दोनदा वाचली.

तो तू नाहीस हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. आत यायच्या आधी त्याने बूट काढले आणि टाचा भिंतीला लावून सरळ ठेवले. तरी मी त्याचं ऐकलं, कारण तो जे बोलत होता ते नऊ वर्षं मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी त्याला माफ केलं, ते खरं. पण त्याने माझं काय वाकडं केलं होतं? त्याला माफ करणं सोपं होतं.

म्हणून मी ती चार ओळींची अट घातली. तू "मीच बोललो" असं लिहिलं असतंस तर मी ते पाकीट जपून ठेवलं असतं आणि तुला पुन्हा कधी पत्र लिहिलं नसतं.

माफी परत घेत नाही. तुला द्यायची आहे, पण ती पोस्टाने येणार नाही. तू यायला हवंस.

आणखी एक. मागच्या पत्रात मी लिहिलं की तू येऊन गेलास. तो गेलेला नाही. जेवायच्या टेबलाशी शेवटच्या खुर्चीवर बसलेला असतो. फार बोलत नाही. भांडी घासतो, मुलीला गणितं समजावतो, माझ्या जुन्या पंपाचं गळकं नळकांडं त्याने ठीक करून दिलं. काल मी विचारलं, कधी निघणार? म्हणाला, "ज्याची ही खुर्ची आहे तो आला की." मुलगी त्याला घाबरत नाही. मी घाबरतो.

लवकर ये. वहिनीला आण, स्वेटर अर्धाच असला तरी चालेल. आणि दारात बूट कसेही काढून टाक. कोण आलं ते आम्हाला त्यावरूनच कळेल.

धाकटा